हा देव नाही, कृपया हात जोडू नये

आमच्या हॉलमध्ये तीन वर्षं एक पाटी टांगलेली होती: ‘हा देव नाही. कृपया हात जोडू नये.’ अक्षर माझं. जिल्हा परिषदेच्या शाळेत फळा लिहून लिहून माझं अक्षर वळणदार झालेलं, त्यामुळे घरात कुठलीही सूचना लिहायची झाली की ते काम माझ्याच गळ्यात पडायचं. पाटीखाली अडीच फुटांचं एक लाकडी तोंड होतं. हे मोठं नाक, रुंद जबडा, दातांच्या दोन रांगा आणि मिटलेले डोळे. असं काही दिसल्यावर गोंदियातला माणूस हात न जोडता पुढे जाईल, अशी अपेक्षा आमच्या घरातल्या दोन पुरुषांची होती. एकानं ते तोंड घरात आणलं, आणि दुसऱ्यानं ते आलं म्हणून घर सोडायची भाषा केली. मधल्यामध्ये मी.

आधी आणणाऱ्याचं सांगते, कारण सुरुवात त्यानंच केली. तो माझा नवरा. नागपूरला हॉटेलचा कोर्स करून तो २००२ साली जहाजावर नोकरीला गेला. मोठं प्रवासी जहाज, पॅसिफिक महासागरात बेटाबेटांवरून फिरणारं. अकरा महिन्यांनी परत आला तेव्हा अंगावर फुलाफुलांचा शर्ट आणि बॅगेत मोज्यांत गुंडाळलेले दोन मातीचे मग. मगांना माणसाचं तोंड. मी विचारलं, “हे काय आणलं?” तो म्हणाला, “टिकी. तिकडच्या बेटांवर असे चेहरे कोरतात.” जहाजाच्या वरच्या मजल्यावर एक बार होता, बांबूचा, वर गवताचं छप्पर, भिंतीवर लाकडाचे चेहरे, मासे धरायच्या जाळ्या, मंद दिवे. हा तिथं ग्लास पुसायचा.

पुन्हा जहाजावर तो गेला नाही. गोंदियात केटरिंगचं काम धरलं, लग्नातली ऑर्डर घेऊ लागला. पण ते बांबूचं वेड डोक्यातून जाईना. २००५ मध्ये आमचं घर उभं राहिलं, स्लॅबचं, मोझॅक फरशीचं, आणि पेंटर हॉलला पिस्ता रंग मारून शिडी उतरतो न उतरतो तोच हा म्हणाला, “या कोपऱ्यात मी टिकी बार बनवणार.”

आता मी कुठल्या घरात वाढले ते सांगायलाच हवं. गोरेगावकडच्या एका गावात, गवताच्या छपराच्या घरात. दर उन्हाळ्यात छप्पर शाकारायचं, दर पावसाळ्यात ते गळायचं, आणि वर्षातून दोनदा तरी जेवताना ताटाशेजारी विंचू पडायचा. नोकरी लागली त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की मरेन तर स्लॅबखाली. तो स्लॅब पडला, आणि त्या स्लॅबखाली माझ्या नवऱ्यानं गवत बांधायला घेतलं! पावसाची सोय आधी करून मग आतून छप्पर घालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“आमच्या गावात असलं घर दिसलं तर सर्वेवाले दारिद्र्यरेषेत नाव घालतात,” मी म्हटलं.

“यार, तू समजून नाही राहिली,” तो म्हणाला. “अमेरिकेत मोठमोठे लोक घरात असं बनवतात. डॉक्टर, वकील. शहरात राहतात, बेटावर कधी गेलेही नसतात. संध्याकाळी त्या कोपऱ्यात बसतात आणि बेटावर बसलो असं समजतात.”

“म्हणजे खोटं आहे.”

“खोटंच आहे. मजा त्याचीच तर आहे.”

याला काय उत्तर देणार, कपाळ! आणि खरं सांगायचं तर उत्तर आमच्या जिल्ह्यातच होतं. नागझिऱ्याच्या जंगलाकडे तेव्हा गवताच्या छपराच्या झोपड्या बांधून नागपूरच्या पाहुण्यांना उतरवायला सुरुवात झाली होती. पाहुणे झोपडीत राहायचे आणि त्यांच्या चादरी बदलणाऱ्या बाया संध्याकाळी घरकुलाच्या पक्क्या घरात जायच्या. अमेरिकेपर्यंत जायची गरजच नव्हती.

तर बार उभा राहिला. बुरडाकडून बांबूचे तट्टे आले. शिंदीच्या पानांची झालर आली. नवेगावच्या तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांकडून एक जुनं जाळं आलं. नवं दिलं असतं, पण आमच्या माणसाला वापरलेलंच पाहिजे होतं. ते छताला टांगल्यावर आठवडाभर मोहल्ल्यातल्या सगळ्या मांजरी आमच्या खिडकीत. शेवटी मी ते दोनदा निरम्यात धुतलं. दिव्यांसाठी वाळलेले भोपळे पोखरून त्यांना भोकं पाडली. समोर तीन उंच स्टुलं. आणि बारमध्ये ठेवायला काय? कैरीचं पन्हं, आवळ्याचं सरबत, ताक. कारण माझे सासरे पंचशील पाळणारे, आणि पाचव्या शीलाला धक्का लागेल असं काही त्या घराच्या फाटकातून आत येणार नव्हतं. जिल्ह्यात मोहाच्या दारूला तोटा नाही, पण आमच्या बारमध्ये ताक मिळायचं.

पहिल्या संध्याकाळी तो फुलाफुलांचा शर्ट घालून स्टुलावर बसला. मी विचारलं, “आणि मागच्या बाजूला कोण उभं राहणार?”

“तू.”

“काऊन? मी कायले?” रागात माझी शाळेची भाषा गळून पडते आणि माहेरची बाहेर येते. “दिवसभर साठ पोरांसमोर उभी राहते मी. आता तुमच्या बेटावर पण उभीच राहू?”

त्यानं स्टुलावर हात फिरवला. मग म्हणाला, “अकरा महिने मी त्या बाजूला उभा होतो. एक बार भी स्टूल पे नहीं बैठा. स्टाफला मनाई होती. म्हणून.”

माझा राग उतरला. त्याच्यावर जीव आहे माझा, नसता तर जाळं धुतलं असतं का? एक दिवस तो उभा, एक दिवस मी, असं ठरलं आणि तोंडाच्या मगात पन्हं पिऊन पाहिलं. पन्हं पन्ह्यासारखंच लागलं. पण शाळेतून येऊन स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून बसायला बरं वाटायचं, हे मी त्याच्यापाशी फार दिवस कबूल केलं नाही.

आता मामाजी. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. रेल्वेत पॉइंट्समन होते, आयुष्यभर रूळ बदलून द्यायचं काम. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. लग्न झालं तेव्हा मी बारावी शिकलेली होते. मामाजींनी मला डी. एड.ला घातलं, परीक्षेला स्वतः सायकलवर सोडलं, आणि पेपर संपेपर्यंत बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिले. माझ्या सख्ख्या बापानं माझ्यासाठी एवढं केलं नाही. त्यामुळे मामाजी म्हणजे मला काय, ते वेगळं सांगायला नको.

मामाजींना बारचा राग नव्हता. उलट पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून ताकाचा मग तोंडाला लावून म्हणाले, “बसाले बरं आहे.” त्यांच्या मित्रांनाही आणून बसवायचे. गवताला, जाळ्याला, भोपळ्यांना, कशालाच त्यांची ना नव्हती. भांडण झालं ते तोंडावरून.

ते तोंड दरेकशाकडच्या एका म्हाताऱ्या सुताराकडून करून घेतलं. लग्नाच्या मांडवातले खांब कोरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आम्ही दोघं पॅसेंजरनं गेलो, नवऱ्यानं जहाजावरचा फोटो दाखवला. म्हाताऱ्यानं फोटो उलटसुलट करून पाहिला.

“कोणाचा देव होय?”

“कोणाचाच नाही. शो-पीस आहे,” नवरा म्हणाला.

“नाव काय?”

“नाव नाही.”

“मंग डोळे मी उघडत नाही,” म्हातारा म्हणाला. “डोळे उघडले का त्याले रोज खायले द्या लागते. तुम्ही शहरातले. दोन दिवस द्याल, मंग विसराल. उपाशी ठेवाल तर तो माह्या अंगावर येईल.”

नवऱ्यानं खूप समजावलं. म्हातारा ऐकेना. शेवटी मिटलेल्या डोळ्यांचंच तोंड शिवणीच्या लाकडात कोरून मिळालं, आणि मला विचाराल तर फोटोपेक्षा चांगलं झालं. मी मात्र गाडीत त्याच्याकडे पाठ करून बसले. डब्यात तीन बायांनी त्याला नमस्कार केला.

घरी आणून भिंतीला टांगलं. मामाजी विहारातून परतले, चपला काढल्या, वर पाहिलं आणि तिथंच उभे राहिले.

“हे काय आणलं?”

“शो-पीस आहे बाबा,” नवरा म्हणाला.

“देव दिसून रायला.”

“देव नाही, सजावट आहे.”

मामाजी हातपाय धुवायला आत निघून गेले. त्यांच्या मनात काय आलं हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, कारण त्यांची गोष्ट आम्हाला पाठ होती. दरवर्षी दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, ते वस्तीतल्या पोरांना विहारासमोर बसवून ती सांगायचे. छप्पनला मोठी माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन आली तेव्हा मामाजी चौदा वर्षांचे होते. घरातले सगळे देव, पितळेचे, दगडाचे, लाकडाचे, एका टोपलीत भरले आणि टोपली डोक्यावर घेऊन ते एकटे चुलबंद नदीकडे निघाले. त्यांची माय मागून गावाच्या शिवेपर्यंत आली. शिवेवर उभी राहिली आणि तिनं टोपलीला हात जोडले. “मी मागं पायलं,” मामाजी सांगायचे, “आणि ओरडलो, हात खाली कर! तिनं हात खाली केले. मंग मी नदीवर गेलो, टोपली उलटी केली आणि वळूनही पायलं नाही.” ‘हात खाली कर’ला पोरं टाळ्या वाजवायची. मीही वाजवत असे.

अशा माणसाच्या हॉलमध्ये ते तोंड.

जेवताना मामाजींनी निकाल दिला. रागानं नाही, रेल्वेतला नियम सांगावा तसं. “सजावट आहे म्हणता, मानलं. पण सजावटीले कोणी हात जोडत नाही. ज्या दिवशी या घरात कोणी त्याच्यापुढं हात जोडताना मले दिसला, त्या दिवशी तो देव झाला. मंग तो राहील, मी गावाले जाईन.”

“कोणी जोडले असं कोणी सांगितलं तर?” नवऱ्यानं विचारलं.

“ऐकीव चालत नाही. सिग्नल स्वतः पायल्याबिगर मी कधी पॉइंट फिरवला नाही.”

गावचं घर म्हणजे दोन खोल्या, शेजार नाही, जवळ दवाखाना नाही. मामाजींचं ब्लड प्रेशर वरखाली. तिथं ते एकटे भात शिजवून खाणार होते. मी नवऱ्याला म्हटलं, “उतरवा ते.” तर मामाजीच म्हणाले, “उतरवायचं नाही. सजावट आहे म्हणून बोलला आहे, तर तशी टिकवून दाखवू दे.” बाप तसा लेक. अडेलतट्टू दोघंही, आणि राखण करायला मी.

मग सुरू झाली माझी ड्यूटी. दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या कामवाल्या बाईनं पोछा मारता मारता त्याच्या पायाशी, म्हणजे हनुवटीखाली, जास्वंदीचं फूल ठेवलं. मामाजी अंघोळीला गेले होते म्हणून निभावलं. मी फूल झटकन उचललं.

“अगं, देव नाही तो!”

“देव नाही तं डोळे मिटून काय करून राहिला मॅडम?” तिनं विचारलं.

त्या तोंडाचा देवपणा घालवायचे उपाय आम्ही केले. त्याच्या नाकावर घराच्या किल्ल्या अडकवायला सुरुवात केली. ज्याच्या नाकाला स्कूटरची किल्ली लटकते त्याला कोण मानणार? तर आमच्या शेजारच्या भाभीजी, अस्सल गोंदियाच्या, हिंदी बोलणाऱ्या, त्यांच्या कपाटाची किल्ली त्याच आठवड्यात हरवली आणि आमच्या हॉलमध्ये बसल्या बसल्या पर्सच्या अस्तरात सापडली. दुसऱ्या दिवशी त्या दोन बायांना घेऊन आल्या. “यही हैं चाबीवाले बाबा,” त्यांनी ओळख करून दिली. “बड़े जागृत हैं.” तिघींचे हात वर जायच्या आत मी तिन्ही हातांत पन्ह्याचे मग कोंबले. मामाजी समोर पेपर वाचत होते. पेपरच्या वरून त्यांचे डोळे दिसत होते.

मग मी ती पाटी लिहिली. आयुष्यात माझ्या हातून झालेली ही सर्वांत मोठी घोडचूक. पाटी नव्हती तोवर लोकांना शंका यायची. पाटी लागल्यावर खात्री पटली. ज्या देवाला हात जोडायला मनाई आहे तो किती कडक असेल! गॅस सिलिंडर आणणारा पाटी वाचून चपला बाहेर काढून आत आला. बायका दारातूनच कान पकडून माफी मागून जायच्या, आणि कान पकडणं हे हात जोडण्यात धरायचं की नाही, यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. मामाजी म्हणाले, नियम हाताचा आहे, कानाचा नाही. माणूस कडक, पण पक्का न्यायी. एकदा फाटकाशी कोणीतरी नारळ ठेवून गेलं. मामाजींनी विचारलं, “हे कायचं?” मी म्हटलं, “बारसाठी मागवलं, टिकीत नारळ लागतोच.” त्या संध्याकाळी पुरावा चटणीत गेला.

अशी तीन वर्षं गेली. या तीन वर्षांत मी मॅट्रिकची पोरं, नवस बोलणाऱ्या मावश्या, एक मीटर रीडर आणि एक नव्यानं बदलून आलेले केंद्रप्रमुख, एवढ्यांचे हात वेळेवर अडवले. लोक देवाची राखण करतात. मी देवाला देव होऊ न द्यायची राखण केली. त्यात मला मजा वाटायला लागली होती, हेही सांगून टाकते. रोज संध्याकाळी भोपळ्याचे दिवे लावून आम्ही तिघं बसायचो. नवरा जहाजाच्या गोष्टी सांगायचा, मी दिवसभरात कोणाला कसं थोपवलं ते त्याच्या कानात सांगायचे, आणि मामाजी मगातलं ताक पीत म्हणायचे, “आजबी कोणी दिसलं नाही मले.” त्यांना सगळं कळत होतं, असा माझा आजही संशय आहे. बेटावर असणारी माणसं किती सुखी असतात मला माहीत नाही, पण आम्ही त्या कोपऱ्यात सुखी होतो.

२००९ च्या पावसाळ्याच्या शेवटी मामाजी चार दिवस गावाला गेले, धानाची बांधी, म्हणजे भातशेत, पाहायला. आले ते अंग दुखतं म्हणत. तिसऱ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली. आमच्या भागात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. आतल्या खोलीत उकडत होतं म्हणून हॉलमधल्या दिवाणावर झोपवलं, तीन चादरी घातल्या तरी दिवाण हलत होता. मग हुडहुडी थांबली आणि ताप चढला. थर्मामीटरचा पारा शेवटच्या रेघेपाशी पोहोचला. नवरा गाडी आणायला धावला. पावसानं रस्ते तुंबलेले, गाडी मिळेना, त्याचा फोन लागेना.

घरात मी एकटी. मी हाक मारली, “मामाजी.” त्यांनी ओ दिली नाही. डोळे अर्धे उघडे आणि बुबुळं वर गेलेली. मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते, ठेवल्या की लगेच गरम व्हायच्या. लिंबाखाली बसलेला माणूस माझ्यासमोर चालला होता आणि मला काहीसुद्धा करता येत नव्हतं.

आतल्या खोलीत बुद्धमूर्ती होती. मी दारापर्यंत गेले आणि थांबले. कारण बुद्धाजवळ मागायचं नसतं. त्यांनी वाट दाखवली, चालायचं आपण. हे मला लग्नानंतर मामाजींनीच शिकवलं होतं, आणि मला ते मनापासून पटलेलं होतं, आजही पटतं. पण त्या वेळी मला वाट नको होती हो. मला मागायचं होतं. कोणाजवळ मागू?

मी हॉलमध्ये परत आले. भिंतीवर ते तोंड, नाकावर किल्ल्यांचा जुडगा, वर माझ्याच अक्षरातली पाटी. मी हात जोडले. तोंडातून एकच निघालं, “नेऊ नको.” कोणाला म्हटलं, मला माहीत नाही. डोळे मिटून किती वेळ उभी होते तेही माहीत नाही. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा वळले. मामाजींची मान माझ्याकडे वळलेली होती.

दवाखान्यात आठ दिवस गेले. मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया होता, वेळेत आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. सलाईन, सुया, औषधं, डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी त्यांना वाचवलं, यात मला कधीच शंका नव्हती. शंका दुसरीच होती. त्या आठ दिवसांत मामाजी माझ्याशी पाणी दे, पंखा कमी कर, एवढंच बोलले. त्यांनी पाहिलं होतं की नव्हतं? नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. तीन वर्षं जगाचे हात अडवले आणि शेवटी सापडलं कोण, तर मी मास्तरीण!

घरी आल्यावर दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मामाजी दिवाणावर बसून कापडी पिशवीत कपडे भरत होते. धोतर घातलं, टॉवेल घातला, इस्त्रीचे दोन शर्ट वर ठेवले.

“मामाजी, कुठं?”

“गावाले.”

“काऊन?”

“पायलं मी,” ते म्हणाले.

मला रडू यायला हवं होतं. आला राग. असा राग की पर्स स्टुलावर आदळली. “पाहिलं तर पाहिलं! जोडले मी हात. काय करू? बुद्धाजवळ मागू नये, असं तुम्हीच शिकवलं. ओ देत नव्हते तुम्ही. डोळे पांढरे झाले होते. घरात चिटपाखरू नव्हतं. जा गावाला, त्याच मच्छरांत जा, म्हणजे पुन्हा हात जोडायला मी मोकळी!”

मामाजी पिशवीकडे पाहत होते. “कोणासाठी जोडले?” त्यांनी हळूच विचारलं.

“कोणासाठी म्हणजे? तुमच्यासाठी! दुसरं कोण मरून राहिलं होतं घरात?”

बाहेर भाभीजींचा कुकर तीनदा वाजला. मला माझ्या बोलण्याची लाज वाटू लागली आणि मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले.

“माही माय शिवेपर्यंत आली होती,” ते म्हणाले.

“माहीत आहे मामाजी. दरवर्षी सांगता.”

“हात जोडले होते तिनं. मी ओरडलो.”

“हो.”

“कोणासाठी जोडले, ते मी विचारलं नाही.”

सत्तरीला टेकलेला तो माणूस, पण त्या वेळी माझ्या वर्गातल्या चुकलेल्या पोराचं असतं तसं त्यांचं तोंड झालं होतं. “त्यानंतर ती नऊ वर्षं जगली,” ते म्हणाले. “एकाच चुलीवरचं जेवलो. नाही विचारलं. देव टाकले ते बरोबरच केलं, आजबी टाकीन. पण विचारावं तं लागत होतं, बाई.”

मी पिशवीतले वरचे दोन शर्ट काढले. त्यांनी अडवलं नाही. मग टॉवेल काढला, धोतर काढलं. पिशवी रिकामी झाली तेव्हा ते म्हणाले, “ते पाटी उतरव. अक्षर चांगलं आहे, पण उपयोग नाही.”

पाटी उतरवली. तोंड आजही आहे, किल्ल्या आजही त्याच्याच नाकावर असतात. येणारे कोणी हात जोडतात, कोणी जोडत नाहीत. मामाजींनी पेपरच्या वरून पाहणं सोडून दिलं. शिंदीची पानं झडली, जाळं उंदरांनी कुरतडलं, बेटाचं अर्धंअधिक ओसाड झालं, पण स्टुलं पक्की निघाली आणि ताक अजून मगातच पितो.

त्याच वर्षी दसऱ्याला, अंगात पुरती ताकद नसताना, मामाजी विहारासमोर जाऊन बसले. पोरं जमली. मी मागे उभी होते. गोष्ट तीच. नागपूरहून माणसं आली, देव टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली, माय मागून चालू लागली. पोरांना गोष्ट पाठ, त्यांनी टाळीसाठी हात आधीच वर धरले होते. मामाजी शिवेपर्यंत आले आणि थांबले.

“माही माय शिवेवर हात जोडून उभी रायली,” ते म्हणाले. “कायले उभी रायली, मले मालूम नाही.”

पोरं हात तसेच धरून वाट पाहत राहिली. मामाजी पुढचं वाक्य बोललेच नाहीत, एकदम नदीवर गेले.